पोटाची नको, पाण्याची तपासणी करा



दिवाळीनंतर एका औद्योगिक वसाहतीच्या कडेच्या गावात आमचं दोन दिवसांचं आरोग्य शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्याच पाचजणींनी आम्हाला पिण्याचं पाणी तपासून दाखवलं. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झालं तेव्हापासून गावोगाव पाच-पाच बायकांना हे शिकवलं जातं. त्यांना एक पेटी मिळते. त्यातल्या बाटल्यांमधून थेंब मोजून टाकायचे, पाण्याचा रंग बदलला की छापील तक्त्याशी ताडून बघायचा. आम्लता, गढूळपणा, कडकपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, शिल्लक क्लोरीन. जंतूंची बाटली वेगळी, ती काळी पडली की पाणी वाईट. बायका हे सगळं भाकरी थापावी इतक्या सहज करत होत्या. नाल्याकडेच्या बोअरचं पाणी सगळ्या बाटल्यांतून पास झालं.

तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ताई, सगळं बराबर आलं म्हणता. मग माझ्या सुनेचं दोनदा पोट पडलं, ते ह्यातल्या कोणत्या बाटलीत दिसतं?"

कुणी काही बोललं नाही. सून शेजारीच बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. नंतर तिच्याशी बोलले तेव्हा कळलं की तालुक्याच्या एका दवाखान्यात तिच्या रक्ताची गुणसूत्रांची तपासणी झाली. त्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलं. नवऱ्याचं रक्त घेतलंच नाही. "आधी हिच्यात काही आहे का ते बघू," असं सांगितलं गेलं. अहवाल निर्दोष आला. तरी घरात तिच्याकडे बघण्याची नजर काही निर्दोष झाली नाही. आणि ती पाणी कुठलं पिते, हे या सगळ्यात कुणी विचारलं नाही. ती ज्या बोअरवरून चार वर्षं पाणी भरते त्याला उन्हाळ्यात रॉकेलसारखा वास येतो, हे तिने मला सांगितलं. गावातल्या सगळ्या बायकांना ते माहीत आहे. पेटीत वासाची बाटली नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. तिचे गर्भ पाण्यामुळे पडले असं मी म्हणत नाही. दिवस राहिल्याचं कळल्यानंतरही दहातले एक-दोन गर्भ टिकत नाहीत, आणि सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. बहुतेकदा तो निव्वळ योगायोग असतो, त्यात कुणाचाही दोष नसतो. माझा मुद्दा दुसराच आहे. जनुकांची तपासणी करायची म्हटल्यावर आपल्या व्यवस्थेला बाईचं रक्त आणि बाईचं पोट लगेच आठवतं. जनुकांवर घाव घालू शकणारी गोष्ट जिथून शरीरात येऊ शकते तो नळ, तो बोअर कुणाला आठवत नाही. पाण्याची अशी तपासणी करता येते का? येते. पन्नास वर्षांपासून येते.

आपल्या प्रत्येक पेशीत शरीर कसं घडवायचं, कसं चालवायचं याची लिखावट असते. काही रसायनं त्या लिखावटीत खाडाखोड करतात. अक्षर बदलतं, ओळ गळते. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. शरीर बऱ्याच चुका दुरुस्त करतं. जी चूक उरते ती कधी निरुपद्रवी असते, तर कधी पुढे कर्करोगाची सुरुवात ठरते. बीजपेशींत किंवा नुकत्या रुजलेल्या गर्भात चूक झाली तर तिचा परिणाम त्या गर्भावर होऊ शकतो.

आता, पाण्यात अशी खाडाखोड करणारं काही आहे का हे ओळखायचे दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक रसायनाचं नाव घेऊन विचारायचं : शिसं आहे का? अमुक कीटकनाशक आहे का? आपली पेटी आणि सरकारी प्रयोगशाळा याच मार्गाने जातात. पण ज्याचं नावच तुम्हाला माहीत नाही ते विचारणार कसं? कारखान्याच्या नाल्यात काय सोडलं जातं ते कारखानाच जाणतो. दुसरा मार्ग असा, की नावगाव न विचारता ते पाणी एखाद्या जिवंत पेशीला द्यायचं आणि तिच्या लिखावटीचं काय होतं ते बघायचं.

हा दुसरा मार्ग सोपा आणि स्वस्त केला तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या ब्रूस एम्स यांनी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांनी विषमज्वराच्या जंतूच्या कुळातले, साल्मोनेला जातीचे जंतू घेतले. हे जंतू मुद्दाम असे निवडलेले, की त्यांच्या एका जनुकात आधीच चूक आहे, त्यामुळे हिस्टिडीन नावाचं एक पोषक द्रव्य त्यांना स्वतः बनवता येत नाही. हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या बशीत ठेवले तर ते वाढत नाहीत. पण बशीतल्या रसायनाने त्यांच्या लिखावटीत आणखी खाडाखोड केली, तर त्यातल्या काहींची मूळ चूक योगायोगाने दुरुस्त होते. मग ते वाढतात, आणि दोन दिवसांनी बशीत ठिपके दिसतात. साध्या पाण्याच्या बशीत काही मोजके ठिपके येतातच. संशयाच्या बशीत त्याच्या दुप्पट-तिप्पट आले, तर दखल घ्यायची. काही रसायनं यकृतातून गेल्यावरच घातक होतात, म्हणून बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात. पिण्याच्या पाण्यात अशी रसायनं फार थोडी असतात, तेव्हा बरेच लिटर पाणी एका विशिष्ट राळेच्या मण्यांतून गाळून, मण्यांना चिकटलेलं द्रावकाने सोडवून, ते तपासतात. एम्स यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. मागेल त्या प्रयोगशाळेला जंतू फुकट पाठवले.

त्यांच्या विद्यार्थ्यांनी घरात वापरातल्या वस्तू तपासायला घेतल्या, आणि सापडला केसांचा कलप. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १६९ कलपांपैकी १५० उत्परिवर्तन घडवणारे निघाले. बायकांनी तरुण दिसावं म्हणून बाजाराने जे विकलं, त्याची अशी तपासणी तोवर कुणी केली नव्हती. कंपन्यांना त्यानंतर आपल्या कलपांतली द्रव्यं बदलावी लागली. पुढे अर्लीन ब्लम ही रसायनशास्त्रज्ञ आणि एम्स यांनी लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून लावलं जाणारं 'ट्रिस' हे रसायन तपासलं, आणि १९७७ साली अमेरिकेत मुलांच्या झोपायच्या कपड्यांत त्याच्यावर बंदी आली. (याच ब्लमने पुढच्या वर्षी फक्त बायकांची तुकडी घेऊन अन्नपूर्णा शिखराची मोहीम काढली. प्रयोगशाळेत आणि हिमालयात दोन्हीकडे "हे बायकांचं काम नाही" हे तिने पुरेसं ऐकलं होतं.)

म्हणजे कलप तपासला गेला, कपडे तपासले गेले, आणि अमेरिका-युरोपात नळाचं पाणीही तपासलं गेलं. आपल्याकडे काय झालं ते बघायला भोपाळला जावं लागतं.

२-३ डिसेंबर १९८४ची रात्र सगळ्यांना माहीत आहे. पण भोपाळमध्ये दोन दुर्घटना झाल्या. पहिली हवेतून एका रात्रीत आली. दुसरी पाण्यातून, वर्षानुवर्षं, हळूहळू. युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना आपलं रासायनिक सांडपाणी १९७७पासून शेजारच्या उघड्या तलावांत सोडत होता. उन्हाने पाणी उडून जाईल आणि खाली गाळ राहील अशी ती योजना. तलावांना गळती लागल्याची चिंता कंपनीच्या स्वतःच्या १९८२च्या पत्रव्यवहारात आहे. आणि १९८९ साली कंपनीने आवारातल्या माती-पाण्याचे नमुने घेऊन त्यात मासे सोडून बघितले. सगळे मासे मेले.

इथे मला थांबावंसं वाटतं. वर म्हटलेला दुसरा मार्ग, नाव न विचारता जिवंत प्राण्यावर परिणाम बघण्याचा, कंपनीला ठाऊक होता. तिने तो वापरला. उत्तर मिळाल्यावर भिंतीपलीकडे हापशावर पाणी भरणाऱ्या बायकांना ते सांगितलं नाही. ही कागदपत्रं पुढे अमेरिकेतल्या कोर्टकज्ज्यांत बाहेर आली.

बायका मात्र सांगत होत्या. पाण्याला वास येतो, घसा जळतो, अंगाला खाज सुटते, पाळी बिघडते. १९९० साली वाचलेल्यांच्या बाजूने काम करणाऱ्यांनी नमुने अमेरिकेतल्या बॉस्टनच्या एका नागरिक-प्रयोगशाळेकडे पाठवले, त्यात विषारी सेंद्रिय रसायनं सापडली. १९९९ साली ग्रीनपीसने पुन्हा तपासणी केली. एका विहिरीच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेच्या १,७०५ पट निघालं. २००२ साली एका सत्यशोधन पथकाला आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांच्या अंगावरच्या दुधात शिसं, पारा आणि क्लोरीनयुक्त रसायनं सापडली. हापशांना लाल रंग फासून त्यावर 'पिण्यायोग्य नाही' असं लिहिलं गेलं. दुसरं पाणी दिलं नाही. तेव्हा बायका लाल हापशावरच हंडे भरत राहिल्या.

स्वच्छ पाणी मिळवलं ते लढून. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पाणी पुरवण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या भोपाळच्या दोन कामगार बायकांना गोल्डमन पुरस्कार मिळाला, आणि त्या पैशातून त्यांनी व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. आदेशाचं पाणी तरी येईना, म्हणून २००६ साली बायका, म्हातारी माणसं, मुलं भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेली. २०१८पर्यंत दूषित भूजलाच्या वस्त्यांची संख्या ४२वर गेली होती. २०२५च्या जानेवारीत कारखान्यातला ३३७ टन कचरा पीथमपूरला हलवला आणि जूनअखेर तो जाळून संपला असं जाहीर झालं. तो वर साठवलेला कचरा होता. जमिनीत मुरलेलं अजून तिथेच आहे.

भोपाळच्या बायकांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्यांत आपल्या गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग होत्या. १९८५ सालीच त्यांनी आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी वस्त्यांतल्या बायका तपासून लिहिलं होतं की इथे स्त्रीरोगांची साथच आहे. सरकारी यंत्रणा तेव्हा फुप्फुसं आणि डोळे मोजत होती. वायूग्रस्तांच्या रक्तातली गुणसूत्रं जास्त तुटलेली दिसतात असे शोधनिबंधही त्या दशकात आले. पण वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे प्रश्न धसाला लावायचं काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९४ साली थांबवलं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. १९७०च्या दशकात आपल्या देशात गर्भजल तपासणी आली ती कोणत्या नावाने? जनुकीय दोष शोधण्याच्या नावाने. तिचं पुढे काय झालं ते आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींनी रस्त्यावर उतरून सांगितलं. मुंबईत ऐंशीच्या दशकात लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला, १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला. त्या लढ्यात आपण एक प्रश्न मात्र पुरेसा विचारला नाही, असं मला आज वाटतं. जनुकीय दोषाची इतकी काळजी होती, तर गर्भजलाच्या सुया तालुक्या-तालुक्यात पोचल्या आणि पाण्यातली खाडाखोड तपासणारी एक बशी का पोचली नाही? उत्तर अवघड नाही. गर्भजलाच्या तपासणीत पैसा होता आणि गिऱ्हाईक भीतीने आपणहून येत होतं. पाण्याच्या तपासणीत जबाबदार धरायला समोर कारखाना असतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ साली सुधारलं गेलं. त्यात जड धातू आहेत, काही कीटकनाशकं आहेत, क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यंही आहेत. पण सगळी नावानिशी. उत्परिवर्तन घडतं का हे विचारणारी चाचणी त्यात नाही.

इतकं लिहिल्यावर दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर आपणही भीती विकणाऱ्यांच्या रांगेत बसू. एम्सची चाचणी सगळं पकडत नाही. भोपाळच्या विहिरीतलं कार्बन टेट्राक्लोराइड यकृताची हानी करतं, प्राण्यांत कर्करोग घडवतं, पण या चाचणीत ते बहुधा सुटतं. क्लोरोफॉर्म बहुधा सुटतं. शिसं आणि आर्सेनिकसुद्धा. त्या बायकांना नुसती हीच चाचणी करून दिली असती, तर 'पाणी ठीक आहे' असा कागद हातात पडण्याचा धोका होता. उलट, जंतूत ठिपके आले म्हणजे माणसाला रोग होणारच असंही नाही. खुद्द एम्स उतारवयात म्हणत, की कितीतरी नैसर्गिक द्रव्यंही या चाचणीत सापडतात आणि कृत्रिम रसायनांच्या सूक्ष्म अंशांची भीती फुगवलेली आहे. त्यांचं सगळं मला पटत नाही. कारखान्याशेजारी राहणारीच्या पाण्यातला अंश सूक्ष्मच असतो, हे कुणी मोजून ठरवलं? म्हणून दोन्ही मार्ग हवेत, नावाचाही आणि परिणामाचाही.

दुसरं, क्लोरीनचं. पाण्यात पालापाचोळ्याचे, मातीचे सेंद्रिय अंश असले आणि त्यावर क्लोरीन पडला, की काही नवी द्रव्यं तयार होतात, हे १९७४ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या जलकेंद्रात काम करणाऱ्या रूक यांनी दाखवलं. फिनलंडमध्ये तळ्यांचं पाणी चहासारखं तपकिरी, त्यात भरपूर क्लोरीन. तिथल्या नळाच्या पाण्यात उत्परिवर्तन घडवण्याची ताकद बरीच निघाली, आणि नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांत मूत्राशयाच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी तिचं थोडं नातं दिसलं. हे वाचून कुणी टीसीएल पावडर बंद करायला निघेल, तर तिने आधी आपल्या गावातल्या कावीळ-कॉलऱ्याचे जुने दिवस आठवावेत. क्लोरीनने जितके जीव वाचवले त्याच्यापुढे हा धोका लहान आहे. मागणी करायची ती अशी : पावसाळ्यातलं गढूळ पाणी आधी तुरटीने निवळा, गाळा, आणि मग त्यात क्लोरीन टाका. बऱ्याच गावांत गढूळ पाण्यातच पावडरीचा डोस वाढवला जातो.

हा अग्रलेख बैठकीत वाचला तेव्हा आमच्यातली एक मैत्रीण, जी कुबड्या घेऊन चालते, शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखी जन्माला येऊ नये म्हणून पाणी तपासायचं का?" पहिल्या खर्ड्यात मी 'सदोष मुलं' असा शब्द लिहिला होता. तो खोडला. भोपाळच्या मुलांचे काचेच्या बरणीतले आणि खाटेवरचे फोटो आपण छापणार नाही, असंही ठरलं. तरी तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणते, की आपल्याला न विचारता आपल्या शरीरात विष घालण्याचा हक्क कुणाला नाही, आणि जे मूल जन्मलं आहे त्याचा पाण्यावरचा, शाळेवरचा, रस्त्यावरचा हक्क कुणापेक्षा कमी नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असायला हवीत. ती नेहमी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत, हे मान्य.

आणि लग्नाच्या बाजाराबद्दल. भोपाळच्या मुलींना 'वायूवाली' म्हणून स्थळं नाकारली गेली. दूषित पाण्याचं गाव म्हणून नाव झालं, की आपल्याकडेही तेच होईल, ही भीती त्या शिबिरात बायकांनी बोलून दाखवली. तेव्हा नीट समजून घ्या. त्वचेच्या, फुप्फुसाच्या, रक्ताच्या पेशीत झालेला बदल मुलांत उतरत नाही. गर्भावस्थेत विषाने झालेली इजा ही इजा असते, ती पुढच्या पिढीला वारसाने जात नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या, नंतर पोटी आलेल्या मुलांचा गेली कित्येक दशकं अभ्यास चालू आहे. त्यांच्यात वारशाने आलेल्या दोषांची ठोस वाढ आढळलेली नाही. 'त्या गावच्या मुलींचं रक्तच बिघडलं' हे विज्ञान नव्हे. बिघडलेलं असेल तर गावाचं पाणी, आणि ते बिघडवणारे त्या मुली नव्हेत.

मग करायचं काय? एम्सच्या चाचणीला निर्जंतुक प्रयोगशाळा लागते, प्रशिक्षित माणसं लागतात. ती विद्यापीठांत आहेत, तालुक्यात नाहीत. पण एक चाचणी अशी आहे, जिचं मुख्य साहित्य तुमच्या स्वयंपाकघरातल्या टोपलीत आहे. कांदा.

कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात, आणि त्याची गुणसूत्रं मोठी, ठळक असतात. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकीने ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आहेत. रसायनांचा त्यांच्यावरचा परिणाम १९३८ सालापासून अभ्यासला जातो, आणि १९८५ साली स्वीडनच्या गेरिड फिस्केशो या बाईंनी त्यातून पाणी तपासायची एक पक्की पद्धत मांडली. लहान, सारख्या आकाराचे कांदे घ्यायचे. वरची वाळकी सालं आणि जुनी मुळं काढायची, मुळांच्या चकतीला धक्का न लावता. परीक्षानळीच्या तोंडावर कांदा असा बसवायचा की बूड पाण्याला टेकेल. काही नळ्यांत संशयाचं पाणी, काहींत खात्रीचं. दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. लांबी मोजायची. ती खुंटली तर पाण्यात काहीतरी विषारी आहे. मग टोकं कापून, रंग देऊन, काचेवर दाबून बघायची : विभागताना गुणसूत्रं तुटली आहेत का, दोन टोकांमध्ये पूल अडकला आहे का, एखादं मागे राहिलं आहे का. कोणती काच कोणत्या पाण्याची हे मोजणारीला सांगायचं नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर आपल्याला हवं तेच आपल्याला दिसतं.

ही चाचणीही फार सूक्ष्म प्रमाण पकडत नाही आणि कोर्टात ती एकटी टिकणार नाही. पण तिच्या जोरावर प्रश्न विचारता येतो. सोबत माहितीच्या अधिकाराचा, २००५च्या कायद्याचा अर्ज टाका : आमच्या गावाच्या पाण्याच्या स्रोताची गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या घटकांसाठी तपासणी झाली, कोणत्या तारखांना, आणि आकडे काय आले? 'पाणी पिण्यायोग्य' हे दोन शब्द घेऊन परत येऊ नका. यादी मागा. जे यादीत नाही ते तपासलेलं नाही.

आम्ही त्या गावासाठी शेजारच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना गाठलं. त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी तीन पाण्यांवर कांदे लावले : नाल्याकडेचा बोअर, गावच्या टाकीचा नळ, आणि प्रयोगशाळेतलं खात्रीचं पाणी. नमुने भरायला पाण्याच्या पेटीवाल्या पाचही जणी आल्या, आणि आजींची सूनही आली. चौथ्या दिवशी बोअरच्या पाण्यावरची मुळं बाकीच्यांच्या निम्मीही नव्हती. आता काचा मोजणं चालू आहे. एकेका पाण्यासाठी शेकडो पेशी बघायच्या, त्यामुळे वेळ लागतो. आकडे आले की ते जे असतील ते, आपल्याला सोयीचे नसले तरी, पुढच्या अंकात छापू.

पण आकड्यांसाठी थांबायचं नाही असं गावातल्या बायकांनी ठरवलं. ग्रामसभेला अर्ज गेला आहे, त्यावर ६३ सह्या आणि अंगठे आहेत. मागण्या दोन. त्या बोअरचं पाणी रासायनिक तपासणीला पाठवा आणि पूर्ण अहवाल चावडीवर लावा. आणि तोवर त्या आळीला टाकीच्या नळाची जोडणी द्या. पहिली सही सुनेची आहे. सासू म्हणाली, आधी तिची घ्या.